घरगुती बायपास ऑइल फिल्टर: ६बीटी टिपरवर कसा बसवायचा आणि काय टाळायचं

खडी_टिपर
गाडी टाटा एलपीके २५१८, इंजिन कमिन्स ६बीटी ५.९, बीएस-३. वॉरंटीचा प्रश्न नाही. काम क्रशरवर, म्हणजे दिवसभर धूळ आणि अर्धा वेळ आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू). मुख्य फिल्टर आहे तसाच ठेवून शेजारी बायपास फिल्टर बसवायचा आहे. तयार किट परदेशातून मागवायचं नाही, इथे मिळणाऱ्या सामानात करायचं आहे.
तेल कुठून घ्यावं, परत कुठे सोडावं, वाटेत तेल मोजकंच सोडणारं मधलं भोक किती ठेवावं, एलिमेंट (आतली गाळणी) कोणता? आणि आरओच्या पाण्याचं १० इंची हाउसिंग वापरलं तर चालेल का? त्यात ५ मायक्रॉनची कॅन्डल सहज बसते.

लेथ_आणि_ग्रीस
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. अजिबात नाही.
ते हाउसिंग गार पाण्यासाठी आहे. गरम तेल ९५ ते ११० अंशांवर असतं, त्या तापमानाला ते प्लास्टिक मऊ पडतं आणि आटे सोडतं. कॅन्डलही पॉलिप्रॉपिलिनचीच असते, ती आतल्या आत बसकण मारते. त्यात सकाळच्या थंड स्टार्टला प्रेशर ६-७ बारपर्यंत जातं. फुटलं तर तेल उडणार टर्बोवर, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. पीव्हीसी पाईपचं हाउसिंग करायचं कुणाच्या डोक्यात असेल तर त्यालाही हेच उत्तर.

गॅलरी_प्लग
आधी बायपास म्हणजे काय ते नीट समजून घ्या, नाहीतर भोकाचा हिशेब चुकतो.
मुख्य फिल्टरमधून पंपाचं सगळं तेल जातं, म्हणून तो फार बारीक करता येत नाही. साधारण २० ते ४० मायक्रॉनचा कण तो पक्का धरतो. बेअरिंगमधली तेलाची फिल्म मात्र काही मायक्रॉनचीच असते, त्यामुळे ५ ते १५ मायक्रॉनचा कण मुख्य फिल्टरमधून सुटतो आणि तिथे जाऊन घासतो. क्रशरच्या धुळीतली सिलिका याच मापात बसते. बायपासमध्ये पंपाच्या तेलातला थोडासाच हिस्सा बाजूला काढून २-३ मायक्रॉनच्या एलिमेंटमधून संथपणे गाळायचा आणि थेट चेंबरात (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) सोडायचा. तो बेअरिंगकडे जात नाही. म्हणून हा हिस्सा लहान ठेवणं हाच सगळ्या कामाचा कणा.

भोक १.५ मि.मी. ठेवा. ४ बार प्रेशर आणि गरम तेल धरलं तर त्यातून मिनिटाला साधारण २ लिटर जातं. १ मि.मी.चं केलं तर पाऊण-एक लिटर, २ मि.मी.चं केलं तर साडेतीन, ३ मि.मी.चं केलं तर पावणेआठ. भोक दुप्पट केलं की तेल चौपट, हे विसरून “थोडं मोठंच ठेवू” म्हणणारे आयडलिंगचं प्रेशर घालवून बसतात. ६बीटीला गरम आयडलला किमान ०.७ बार आणि पूर्ण आरपीएमला किमान २ बार लागतं. तुमच्या गाडीचं गरम आयडल प्रेशर आत्ताच १ बारच्या खाली असेल तर बायपासचा नाद सोडा. आधी बेअरिंग आणि पंप बघा.

तेल १६ लिटर धरू. २ लिटरच्या हिशेबाने ८ मिनिटांत १६ लिटर फिल्टरमधून जातं. पण गाळलेलं तेल पुन्हा त्याच चेंबरात मिसळतं, म्हणून ८ मिनिटांत ६३ टक्के तेलच एकदा तरी गाळलं गेलेलं असतं. ९५ टक्क्यांना २४ मिनिटं लागतात. गाडी दिवसाला ८-१० तास चालत असेल तर हे भरपूर झालं, भोक मोठं करायची काही गरज नाही.

लेथ_आणि_ग्रीस
वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो. भोक इंजिनच्या बाजूला पाहिजे, फिल्टरच्या तोंडाशी नाही. हौज फुटला तर १.५ मि.मी.मधून मिनिटाला २ लिटर जातं, लाल दिवा लागेपर्यंत ड्रायव्हरला चार-पाच मिनिटं मिळतात. भोक फिल्टरजवळ असेल तर पूर्ण व्यासाचा हौज रिकामा होतो आणि प्रेशर तिथल्या तिथे कोसळतं.

भोक करायचा सोपा मार्ग: मिग वेल्डिंगची १.२ तारेची कॉन्टॅक्ट टिप घ्या. आटे एम ६ असतात. निपलच्या (आखूड जोडनळीच्या) आत एम ६ चा टॅप मारून आटे पाडायचे, टिप कापून ४-५ मि.मी. ठेवायची, १.५ च्या ड्रिलने भोक साफ करायचं आणि आत लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावून बसवायची. टिप अख्खी बसवू नका. लांब भोकात थंड तेल इतकं अडतं की सकाळचा पहिला अर्धा तास फिल्टर नावालाच राहतो. आखूड भोकाला तेलाच्या जाडपणाचा फरक कमी पडतो.

बीएसपी_की_एनपीटी
तेल घ्यायची जागा ऑइल प्रेशर सेंडरची (डॅशवरच्या काट्याला प्रेशर कळवणारा सेन्सर). तिथलं तेल मुख्य फिल्टरमधून आलेलं असतं, म्हणून भोक सहसा तुंबत नाही. टर्बोच्या फीड लाइनवर टी (तीन तोंडांचा जोड) मारू नका. सोपी दिसते, पण त्यात टर्बोच्या वाट्याचं तेल कमी होतं आणि शाफ्टचं बेअरिंग पहिलं मरतं.

आटे मोजल्याशिवाय काहीही फिरवू नका. कुठे एम १० x १ असतात, कुठे १/८ एनपीटी (अमेरिकी पाइप आटे). आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ब्रिटिश पाइप आट्यांचं बीएसपीच जास्त मिळतं आणि दुकानदार “सेमच आहे” म्हणून ते हातात देतो. १/८ एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८. १/४ ला १८ आणि १९. अर्ध्या इंचाला दोन्हीकडे १४, पण कोन वेगळा, एनपीटी ६० अंश आणि बीएसपी ५५. दोन-तीन फेरे बसतं, मग जड होतं, आपण पान्हा लावून ओढतो आणि ब्लॉकचे आटे जातात. थ्रेड गेज घ्या, नाहीतर मूळ सेंडर घेऊन दुकानात जा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला तिन्ही प्रकारचे अॅडॉप्टर मिळतात.

खडी_टिपर
म्हणजे पितळेचा टी सेंडरच्या जागी बसवायचा, एका बाजूला सेंडर, दुसरीकडे हौज?

बीएसपी_की_एनपीटी
तसं करतात आणि तिथेच मोडतं. सेंडरचा डबा जड असतो. टीच्या टोकाला तो लटकला की इंजिनच्या थरथरीने टीची मान ब्लॉकला लागून तुटते. तुटलेला तुकडा आत, तेल बाहेर.
ब्लॉकमध्ये स्टीलचं सरळ निपल लावा, १.५ मि.मी.चं भोक त्यात नको. तिथून ३० सें.मी.चा स्टील जाळीचा हौज, आणि टी इंजिनवरच्याच एका ब्रॅकेटवर बोल्टने पक्का. सेंडर टीच्या भोकाअलीकडच्या तोंडावर, भोक टीच्या बाहेर जाणाऱ्या तोंडात. सेंडर भोकाच्या पलीकडे गेला तर डॅशवरचा काटा खोटं सांगतो.

गॅलरी_प्लग
हा ३० सें.मी.चा तुकडा पूर्ण प्रेशरखाली आणि भोकाच्या संरक्षणाबाहेर राहतो, म्हणून तोच सगळ्यात चांगल्या प्रतीचा हवा. हौज निवडताना कंजुषी करू नका:
– साधा १००आर१ हायड्रॉलिक हौज १०० अंशांपर्यंतचा. प्रेशर सहज झेलतो, पण उष्णतेने दोन वर्षांत कडक होऊन तडकतो.
– १००आर१४, म्हणजे आत टेफ्लॉन आणि बाहेर स्टीलची जाळी, २०० अंश झेलतो. इंजिनजवळच्या तुकड्याला हाच.
– एअर ब्रेकची नायलॉन नळी, डिझेलचा पाईप, जुबली क्लिप लावलेला रबरी पाईप: तिन्ही बाद.
टोकं मशिनवर क्रिम्प करून घ्या. भोसरी, चिंचवड, शिरोली, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत हायड्रॉलिक हौजवाला तुमच्यासमोर करून देतो.

डेपो_नोंदवही
टेफ्लॉन टेप नको, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. टेपचा एक धागा सुटला की १.५ मि.मी.चं भोक बंद, आणि बाहेरून काहीच कळत नाही. द्रव सीलंट वापरा आणि पहिला आटा कोरडा ठेवा.

काळं_पाणी
हे सगळं कशाला? अमेरिकेत लोक टॉयलेट रोल घालून फिल्टर करतात, फ्रान्ट्झ कंपनीचे असे डबे १९५० च्या दशकापासून चालतात. ४ इंची पाईप, दोन झाकणं, आत रोल. स्वस्त आणि मस्त.

लेथ_आणि_ग्रीस
चालतं, पण ज्या डब्यात चालतं तो डबा रोलच्या मापाला घट्ट असतो. तेल रोलच्या थरांमधून उभं जातं. बाहेरच्या कडेला किंवा मधल्या पुठ्ठ्याच्या नळीजवळ १ मि.मी.ची फट राहिली तर तेल तिथूनच पळतं, रोल जसाच्या तसा पांढरा निघतो. आपल्याकडच्या रोलची रुंदी कंपनीगणिक वेगळी, गुंडाळी सैल. शिवाय हेड गॅस्केटमधून तेलात पाणी शिरलं तर कागदाचा लगदा होतो आणि तो जातो कुठे? चेंबरात, तिथून पंपाच्या जाळीवर.

डबा स्वतः करायचाच असेल तर आकडा लक्षात ठेवा. आतला व्यास ११० मि.मी. आणि ७ बार म्हणजे झाकणावर जवळपास ६८० किलोचा जोर. सीमलेस पाईप, १२ मि.मी.ची फ्लँज, एम १० चे सहा बोल्ट, विटॉनची (उष्णता झेलणाऱ्या रबराची) ओ-रिंग, आणि बसवण्याआधी हँड पंपाने १५ बारला पाण्याची टेस्ट. हवेची टेस्ट करू नका, फुटला तर बॉम्ब होतो. मला विचाराल तर हा खटाटोप नको. स्पिन-ऑन हेड (ज्यावर फिल्टरचा डबा फिरवून बसतो ते तोंड) घ्या.

गॅलरी_प्लग
हेच म्हणणार होतो. हायड्रॉलिक रिटर्न लाइनचं स्पिन-ऑन हेड बाजारात सहज मिळतं, अॅल्युमिनियमचं, आत-बाहेर १/२ किंवा ३/४ बीएसपी. त्यावर ३ मायक्रॉनचा ग्लास फायबर एलिमेंट. तीन गोष्टी तपासा.
पहिली, रेटिंग. “३ मायक्रॉन” एवढंच लिहिलेलं असेल तर ते नॉमिनल (अंदाजी), त्याला अर्थ नाही. बीटा मागा. बीटा ७५ म्हणजे त्या मापाचे ९८.७ टक्के कण अडतात, बीटा २०० म्हणजे ९९.५, बीटा १००० म्हणजे ९९.९.
दुसरी, हेडमधला किंवा फिल्टरमधला रिलीफ व्हॉल्व्ह. रिटर्न लाइनच्या हेडमध्ये तो बहुधा असतोच आणि दीड-पावणेदोन बारला उघडतो. एलिमेंट भरत आला की तेल न गाळता सरळ पुढे जातं. तो काढून तिथे ब्लँक प्लग लावा.
तिसरी, व्हॉल्व्ह बंद केल्यावर तुंबलेल्या फिल्टरवर इंजिनचं पूर्ण प्रेशर येतं. म्हणून हेड आणि डबा दोन्ही किमान १० बार वर्किंग प्रेशरचे हवेत. ५-७ बारवाले स्वस्त पत्र्याचे डबे घेऊ नका.

काळं_पाणी
मग इंजिनचाच आणखी एक साधा ऑइल फिल्टर लावला तर? स्वस्तात मिळतो.

गॅलरी_प्लग
जे मुख्य फिल्टरने अडवलं नाही ते त्याच जाळीच्या दुसऱ्या फिल्टरने का अडेल? संथ प्रवाहाने थोडा फरक पडतो, पण एवढ्या खटपटीच्या मानाने काहीच नाही.

घाट_उतार
सेंट्रिफ्यूजचं (तेल गरगर फिरवून घाण बाजूला काढणाऱ्या यंत्राचं) कुणी बोललं नाही. स्कॅनियाच्या इंजिनला कंपनीतूनच सेंट्रिफ्यूज येतो, व्होल्वोच्या डी१३ ला दोन मुख्य आणि एक बायपास फिल्टर येतात. काजळीसाठी सेंट्रिफ्यूज फिल्टरपेक्षा बरा आणि एलिमेंटचा खर्च नाही. कुर्ल्याच्या भंगारात जुने मिळतात.

डेपो_नोंदवही
मिळतात, पण या टिपरला बसणार नाही. रोटर तेलाच्या प्रेशरनेच फिरतो, ३ बारच्या खाली वेग पकडत नाही. अर्धा दिवस आयडलिंग करणाऱ्या गाडीत तो नुसता डुलत राहील. शिवाय त्याच्यातून निघणाऱ्या तेलाला प्रेशर नसतं, ते आपल्या वजनाने उतरतं. म्हणजे तेलाच्या पातळीच्या बराच वर बसवायचा आणि खाली २५ मि.मी.चा उतरता पाईप. हायवेवरच्या गाड्यांना ठीक.

खडी_टिपर
स्पिन-ऑन हेडच घेतो. आता परतीच्या लाइनचं सांगा. ड्रेन प्लगला बंजो (पोकळ बोल्टचा जोड) लावून तिथेच सोडलं तर?

लेथ_आणि_ग्रीस
खाणीत फिरणाऱ्या टिपरच्या चेंबरखाली काहीही लटकवू नका. पहिला मोठा दगड तेवढंच घेऊन जाईल.
दोन पर्याय. एक, तेल भरायच्या झाकणाला बल्कहेड फिटिंग (पत्र्यातून आरपार जाणारा जोड). सोपं, इंजिनला हात लावावा लागत नाही, फक्त तेल टाकताना दर वेळी हौज सोडावा लागतो आणि ड्रायव्हर तो सैल ठेवतो. दोन, चेंबरच्या बाजूला तेलाच्या पातळीच्या वर सॉकेट वेल्ड करणं. हे टिकाऊ, पण चेंबर उतरवून. इंजिनखाली झोपून ड्रिल मारून ग्रीस लावलेल्या टॅपने कीस धरतो म्हणणारे आहेत. ग्रीस ८० टक्के कीस धरतं, उरलेला पंपाच्या जाळीत जातो. चेंबर उतरवा, डिझेलने धुवा, वाळवा, मग वेल्डिंग. गॅस्केट नवीन.
परतीचा पाईप आत यायच्या पाईपपेक्षा मोठा, १२ मि.मी. तरी. त्यात कुठेही व्हॉल्व्ह नको, चुरगळ नको.

गॅलरी_प्लग
डबा चेसिसवर बसवणार असाल तर इंजिन आणि चेसिस वेगवेगळे हलतात, हौजला हातभर सैल वळण द्या. चेसिसच्या कडेवरून जाईल तिथे जुन्या हौजचा चिरलेला तुकडा बाहेरून घाला. ६बीटीला टर्बो, एक्झॉस्ट आणि मुख्य ऑइल फिल्टर एकाच बाजूला आहेत, म्हणून आपला डबा शक्यतो दुसऱ्या बाजूला. तोंड वर, डबा खाली, म्हणजे बदलताना तेल सांडत नाही. चेसिसच्या फ्लँजला भोक पाडू नका, आधीची भोकं वापरा.

बसवल्यावर फिल्टर तेलाने भरूनच लावा. गॅस्केट टेकल्यापासून पाऊण फेरा हाताने. इंजिन सुरू करून ५ मिनिटं आयडल, गळती बघा, बंद करा, १० मिनिटांनी डिपस्टिक. डबा आणि हौज मिळून लिटर-दीड लिटर घेतात, तेवढं वर टाका.
मग प्रवाह मोजा. गरम इंजिन, परतीचा हौज सोडून मापाच्या भांड्यात धरा, घड्याळ लावून एक मिनिट. आयडलला पाऊण ते एक लिटर, १५०० आरपीएमला दोनच्या आसपास आलं की काम झालं. आयडलला दीड-दोन लिटर येत असेल तर भोक मोठं झालंय.

डेपो_नोंदवही
हेडवर भोकानंतर ०-१० बारचा छोटा गेज लावा. खर्च किरकोळ, उपयोग मोठा. नवीन एलिमेंटला गरम इंजिनवर काटा जवळपास शून्यावर असतो, कारण सगळं प्रेशर भोकातच खर्च होतं. एलिमेंट भरत जाईल तसा काटा चढतो. इंजिनचं प्रेशर ४ आणि हा गेज २ दाखवत असेल तर प्रवाह ७० टक्क्यांवर आलाय, अजून चालेल. ३ दाखवला की निम्मा राहिला, एलिमेंट बदला. काटा कधीच चढत नसेल तर खूश होऊ नका, भोक तुंबलंय किंवा एलिमेंट आत फाटलाय. अर्ध्या तासाच्या कामानंतर डब्याला हात लावून बघा, गार असेल तर भोक बंद.

काळं_पाणी
आणि मग तेल मधासारखं स्वच्छ राहणार ना?

डेपो_नोंदवही
नाही राहणार. डिझेलच्या काजळीचा सुटा कण ०.१ मायक्रॉनपेक्षाही लहान असतो आणि तेलातली रसायनं त्याला सुटाच ठेवायचा प्रयत्न करतात. तो फिल्टरमधून आरपार जातो. तेल काळंच राहणार. रंगावरून काही ठरवू नका.
बायपास आम्ल काढत नाही, तेलात उतरलेलं डिझेल काढत नाही, आणि टीबीएनचं (तेलाच्या आम्ल मारायच्या ताकदीचं) घटणं थांबवत नाही. एलिमेंट बदलताना लिटर-दीड लिटर नवीन तेल पडतं, त्याने टीबीएन थोडा सावरतो. लोक ज्याचं श्रेय फिल्टरला देतात त्यातलं बरंच या टॉप-अपचं असतं!

खडी_टिपर
मग तेल बदलायचं अंतर वाढवू की नको?

डेपो_नोंदवही
लगेच नको. फिल्टर बसवायच्या आधी जुन्या तेलाचा एक नमुना लॅबला द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? मग दर २५० तासांनी. नमुना गरम इंजिनवर, चालू धारेतून, ड्रेनच्या पहिल्या थेंबातून नाही. बघायचं ते एवढंच: १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा (१५डब्ल्यू-४० ला १२.५ ते १६.३ च्या आत), टीबीएन नव्याच्या निम्म्यावर आला का, काजळीचा टक्का, लोखंड, आणि तुमच्या कामात सगळ्यात महत्त्वाचं सिलिकॉन. सिलिकॉन आणि लोखंड एकत्र चढत असतील तर दोष एअर फिल्टरच्या हौजचा किंवा क्लॅम्पचा. धूळ आत येतेय तोवर बायपास म्हणजे गळक्या नावेतून पाणी उपसणं. सोडियम-पोटॅशियम चढलं तर कूलंट शिरतंय.
तीन नमुने सलग चांगले आले तर अंतर ५० तासांनी वाढवा, एकदम दुप्पट नको.

घाट_उतार
बीएस-६ गाडीवर हेच करू शकतो का?

बीएसपी_की_एनपीटी
एप्रिल २०२० नंतरच्या गाडीवर करू नका. वॉरंटी जाते, प्रेशरवर ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) नजर असते, आणि तेल बदलायचं अंतर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि कमी राखेच्या तेलाशी बांधलेलं असतं. हा धागा यांत्रिक डिझेल पंपाच्या जुन्या इंजिनांसाठी धरा.

लेथ_आणि_ग्रीस
खडी_टिपर, एक शेवटचं सामान यादीत घाला. ब्लॉकमधल्या सेंडरच्या आट्याचा एक ब्लँक प्लग, टीच्या तोंडाचा एक, कॉपर वॉशर आणि त्या मापाचे दोन पान्हे, पिशवीत बांधून सीटखाली. टीपलीकडचा हौज गेला तर टीचं तोंड बंद करून सेंडर चालूच राहतो. अलीकडचा गेला तर ब्लॉकच बंद, मग प्रेशरचा काटा मेलेला असेल हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. आणि ५ लिटरचा तेलाचा कॅन. प्लग कुठे लावायचा ते त्याला गाडी उभी असताना एकदा हाताने करायला लावा.

खडी_टिपर
घेतलं. सेंडरचे आटे उद्या गेजने मोजून इथे टाकतो, मग अॅडॉप्टर.